कोणाच्या बागेतलं?

डोंगर आधी, वाइन नंतर. नाशिकला गाइड म्हणून एका दिवसाची खासगी सहल आखताना हा क्रम मी कोणासाठीही बदलत नाही. एजन्सीवाले दर हंगामात विचारून बघतात: पाहुण्यांना सकाळी उशिरा उठायचं असतं, तर आधी वायनरी करा आणि डोंगर संध्याकाळी दाखवा. पण टेस्टिंगचे पाच ग्लास घेतलेल्या माणसाला त्र्यंबकच्या पलीकडच्या वळणांवर उलट्या होतात, आणि कड्याच्या काठावर त्याला उभं करण्याची जबाबदारी मी घेत नाही. शिवाय फेब्रुवारीत दहा-साडेदहानंतर हवा धुरकट होते. समोरचा ब्रह्मगिरी नुसता आकार म्हणून उरतो.

जाहिरातीतल्या फोटोंवर तर माझा कायमचा राग आहे. डावीकडे हिरवेगार डोंगर आणि धबधबे, उजवीकडे लगडलेले द्राक्षाचे घड, आणि वर लिहिलेलं असतं की हे सगळं एका दिवसात. ते एका दिवसात दिसत नाही. डोंगर हिरवा असतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा वेलीवर नुसता पाला असतो. एप्रिलमध्ये नव्या फुटव्यासाठीची खरड छाटणी झालेली असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी होते, आणि वाइनची द्राक्षं तयार होतात जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा सह्याद्री पिवळा, वाळलेल्या गवताचा. लोक येऊन धबधबा कुठे आहे विचारतात, आणि उत्तर मला द्यावं लागतं, फोटो लावणाऱ्याला नाही.

खरं तर तो पिवळा डोंगरच मला दाखवायचा असतो. गवत वाळलं की लाव्हाचे थर उघडे पडतात: एक उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं ते काम. आणि याच डोंगरामुळे खाली द्राक्ष होतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण त्याच्या चौथाईइतका, आणि पूर्वेला निफाडकडे सरकावं तसा आणखी कमी. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात म्हणून पलीकडे द्राक्षाची वेल तगते. डोंगर आणि वायनरी एका दिवसात जोडण्याला माझ्या दृष्टीने हाच अर्थ आहे, आणि तो पाहुण्यांच्या लक्षात आला की मला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी गाडीत तिघं होते. मुलगा आणि सून, दोघंही बेंगळुरूला नोकरीला, आणि मुलाचे वडील. त्यांना मी अण्णा म्हणतो, कारण सूनही तसंच म्हणत होती. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. बुकिंग सुनेने केलं होतं. अण्णा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. म्हणजे घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर पर्यटक म्हणून आलेला माणूस. अशी गिऱ्हाइकं मला क्वचितच मिळतात.

सकाळी अंजनेरीच्या पायथ्याशी दुर्बीण लावली. फेब्रुवारीत तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची पिल्लं घरट्यात असतात. कपारीखाली पांढरे ओघळ शोधायचे आणि तिथून वर नजर न्यायची, म्हणजे घरटं सापडतं. मुलगा-सून रमले. अण्णांनी एकदा दुर्बिणीला डोळा लावला, "आमच्याकडं आता एकही नाही," म्हणाले, आणि नंतर बराच वेळ कड्याखालचा मुरमाड उतार बघत राहिले. त्यांना बोलतं करण्याचा प्रयत्न मी केला नाही. गप्प पाहुण्याला गप्प राहू देणं हेही गाइडचं काम आहे, आणि ते नव्या पोरांना शिकवूनही येत नाही.

परतीच्या रस्त्यावर, त्र्यंबककडून गंगापूर धरणाकडे वळताना, मी नाशिकच्या वाइनची गोष्ट सांगतो. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी सुला वायनरीच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं, वायनऱ्या भराभर निघाल्या. इथून मी आजच्या दिवसावर येतो.

मागून अण्णा म्हणाले, "आणि दोन हजार नऊ?"

मुलगा म्हणाला, "अण्णा, राहू द्या ना."

दोन हजार नऊ काय ते मला माहीत होतं. नाशकात कोणाला माहीत नाही? धोरणानंतर वायनऱ्या निघाल्या, त्यांनी शेतकऱ्यांशी करार केले, शेतकऱ्यांनी बागा लावल्या. २००८ मध्ये जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. टाक्या जुन्या वाइनने भरलेल्या, मग नवी द्राक्षं ठेवणार कुठे? खरेदी थांबली आणि पुढच्या काळात लोकांनी बागा उपटल्या. एजन्सीने आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नाही. मी "हो, ते वर्ष वाईट गेलं," एवढंच म्हणालो. तेवढ्यात वायनरीचं फाटक आलं.

टेस्टिंगआधी बागेत फेरी असते. टेबल द्राक्षाच्या, म्हणजे खायच्या द्राक्षाच्या, मांडवाखाली वाढलेल्या माणसाला वाइनची बाग विचित्र वाटते: वेली कंबरेएवढ्या, एकेरी तारांवर उभ्या वाढवलेल्या, घड बारीक आणि गच्च. सून फोटो काढत होती. अण्णा खाली वाकले, पान उलटं करून भुरी रोग आहे का बघितलं, खोडाशी कलमाचा जोड चाचपला, आणि पायाने माती उकरून म्हणाले, "हे रान बरोबर आहे. मुरमाड. आमचं काळं, भारी. तरी लावा म्हणाले."

मग टेबलावर ग्लास आले. ओतणारी मुलगी कामात तरबेज होती. माळ बघून तिने न विचारता अण्णांपुढे द्राक्षाचा रस ठेवला, ही समज फार थोड्या ठिकाणी दिसते. शेनिन ब्लांक झाली, सोव्हिन्यो ब्लांक झाली, रोझे झाली. चौथ्या ग्लासाला ती म्हणाली, "ही शिराझ."

अण्णांनी मुलाच्या हातातला ग्लास मागून घेतला. प्यायले नाहीत. नाकाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. म्हणाले, "घडाला असा वास नव्हता. सहा वर्षं पिकवलं, हे कधी समोर आलं नाही." मग त्या मुलीला विचारलं, "बाई, हे कोणाच्या बागेतलं?"

ती म्हणाली, "आमचंच आहे काका, नाशिकचं."

"नाशिकचं ते कळलं. कोणाच्या बागेतलं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी बाटली फिरवून बघितली. वाण होता, वर्ष होतं, नाशिकचं नाव होतं. अल्कोहोलचं प्रमाण होतं, कायद्याने लिहायचा इशारा होता. पिकवणाऱ्याचं नाव नव्हतं. मी आयुष्यात ज्या ज्या बाटल्या हाताळल्या, त्यांतल्या बहुतेकींवर ते नव्हतं.

त्यानंतर अण्णा बोलले, मुलाकडे न बघता. दोन एकर शिराझ होती. लावली कारण टेबल द्राक्षाला विरळणी, मणी फुगवणाऱ्या जीए संजीवकात घड बुडवणं, औषधांच्या फवारण्या, मजुरी. वाइनच्या द्राक्षाला यातलं बरंचसं नाही, आणि भाव करारात लिहिलेला. गावात लोक बोलले की माळ घालून दारूचं पीक घेतो. त्यांनी ऐकून घेतलं. सुरुवातीचे हंगाम चांगले गेले. मग त्या वर्षी वायनरीकडून "आज नको, उद्या" सुरू झालं. घड तयार होऊन वेलीवर लटकलेले. साखर वाढत जाते, मणी सुकत जातो, वजन घटतं, आणि पैसे किलोवर. शेवटी खरेदी झालीच नाही. टेबल द्राक्ष नाशिकला नाही तर मुंबईला, दिल्लीला विकता येतं. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते खायला कोणी घेत नाही, त्याचा बेदाणाही होत नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, आणि ते गेलं की रस्त्यावर ओतायचं. अण्णांनी काही घड गुरांना घातले, बाकीचे बांधावर टाकले आणि नंतर जेसीबी लावून बाग काढली. २०१० मध्ये लिहोसीन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात टेबल द्राक्षांचे कंटेनर अडकले, त्यात त्यांची उरलेली बागही सापडली. तो स्वतंत्र विषय आहे.

मुलगा म्हणाला, "मला वाटलं होतं रोग आला म्हणून काढली."

"तू तेव्हा शिकत होतास," अण्णा म्हणाले.

पाचवा ग्लास कोणी उचलला नाही. मला जे सुचलं ते असं: हंगाम चालू आहे, मागच्या अंगणात माल येत असणार, आणि तिथला सुपरवायझर माझ्या ओळखीचा. मी अण्णांना विचारलं, "काटा बघायचा का?" ते लगेच उठले.

एरवी माल पहाटे तोडून सकाळीच येतो, थंड असतानाच गाळायला घेतात. त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला उशीर झाला होता. ताडपत्री पाण्याने भिजवून, क्रेट झाकून, तो सावलीत नंबर लावून उभा होता. नमुना घेण्याची पद्धत मी पाहुण्यांना नेहमी सांगतो, पण त्या दिवशी ती अण्णांच्या नजरेतून बघितली. घडाच्या खांद्याचे मणी गोड असतात, शेंड्याचे कमी, म्हणून वरून, मधून, खालून असे मणी घ्यायचे आणि वेगवेगळ्या क्रेटमधून. सगळे एका पिशवीत चुरगळायचे, रसाचा थेंब साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून रेघ वाचायची. वायनरीचा पोरगा वरच्याच क्रेटमधून मणी घेत होता. अण्णा म्हणाले, "खालचं काढ. त्याचंही नुकसान नको, ह्यांचंही नको." पोराने खालची क्रेट काढली. ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, साडेबावीस आलं. ट्रॅक्टरवाल्याने श्वास सोडला.

तो दिंडोरी तालुक्यातला होता. दोघं अर्धा तास बोलत उभे राहिले. तोडणीला मजूर मिळतात का, यंदा भुरी किती, पैसे कधी येतात. अण्णांनी विचारलं, "लेखी आहे का?"

"आहे ना."

"माझंही लेखी होतं."

तो हसला नाही, घाबरलाही नाही. म्हणाला, "माहीत आहे. म्हणून मी एकच एकर लावलंय." हे उत्तर मी अनेकदा आठवतो. दोन हजार नऊच्या त्या हंगामाने एका पिढीला काय शिकवलं, ते त्यात आहे. आमच्या माहितीपत्रकात त्याला जागा नाही.

सुनेने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, दुसऱ्या वायनरीत नाही गेलो तर चालेल का?" मी चालेल म्हणालो. धरणाच्या पाण्याकाठी चहा घेऊन मी त्यांना सोडलं. मुलगा पूर्ण वेळ वडिलांच्या शेजारी बसून प्रश्न विचारत होता: किती कर्ज होतं, कोणाचं होतं, आईला माहीत होतं का. मी गाडी चालवत होतो आणि ऐकणं टाळता येत नव्हतं.

संध्याकाळी एजन्सीचा फोन आला. दुसऱ्या वायनरीचा स्लॉट वाया गेला, कमिशन गेलं, आणि पाहुण्यांना "असलं काही" दाखवायची गरज काय होती? पाहुण्यांनी तक्रार केली नव्हती, हे मी सांगितलं. त्यावर उत्तर असं की लोक आनंदासाठी पैसे मोजतात. मला हे पटत नाही. माणूस पैसे मोजतो ती जागा कळावी म्हणून. गिधाडांची संख्या का घटली हे मी त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं, जनावरांना पूर्वी दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकासकट, आणि त्याने कोणाचा आनंद कमी झाला नव्हता. मग द्राक्षबागा का उपटल्या गेल्या, हे सांगण्यात काय वावगं आहे?

"कोणाच्या बागेतलं?" हा प्रश्न मी त्यानंतर ओळखीच्या वाइनमेकर मंडळींना विचारत आलो. एकाने नीट समजावलं: काट्यापर्यंत प्रत्येक क्रेटला नाव असतं, पावती असते, ब्रिक्स नोंदलेलं असतं. टाकीत चार-पाच जणांचा माल एकत्र जातो आणि तिथून पुढे फक्त टाकीचा नंबर. हे समजण्यासारखं आहे. पण त्या चार-पाच जणांची यादी भिंतीवर लावायला काय हरकत आहे, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बघतो म्हणाला.

२००९ आता मी गाडीत सांगतो, २००१ नंतर लगेच, धरणाकडे वळतानाच. काही जण ऐकतात, काही फोनमध्ये जातात. दिंडोरीच्या त्या ट्रॅक्टरवाल्याने पाहुण्यांना बागेत आणायला परवानगी दिली आहे, तीन अटींवर: फवारणी झाल्यावर तो सांगेल तितके दिवस यायचं नाही, घड तोडायचा नाही, आणि भावाबद्दल तो बोलत असताना व्हिडिओ काढायचा नाही. एजन्सीने हे कार्यक्रमात घेतलेलं नाही. कोणी शेतकऱ्याबद्दल विचारलं की मी माझ्या जबाबदारीवर नेतो. अण्णांनी त्यांच्या गावातल्या आणखी दोघांचे नंबर दिलेत. एकाने फोनवरच सांगितलं की त्या वर्षाबद्दल त्याला बोलायचं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही. दुसरा ये म्हणाला आहे. त्याच्याकडे मार्च संपायच्या आत जायला हवं. एप्रिलमध्ये खरड छाटणी लागली की त्याला बसून बोलायला वेळ नसेल.