वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान पोलंडला गेले आणि वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापुढे नतमस्तक झाले, तेव्हापासून बाहेरगावचे पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेलाच.

उत्तर तसं सोपं आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. हे सांगताना आम्हा कोल्हापूरकरांची छाती फुगते. फुगू दे, काम चांगलंच झालं. (बराचसा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं, तेवढं मात्र आम्ही गाळतो.)

पण गोष्ट वळिवड्यापासून सुरू केली की फार गोड होते. छावणीतली शाळा, चर्च, स्काऊट, ऊन लागून लालबुंद झालेली गोरी पोरं. ही पोरं आली कुठून, ते राहूनच जातं.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर एका बाजूनं हिटलर आणि दुसऱ्या बाजूनं स्टालिन चालून आला. पुढच्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, पूर्व पोलंडमधल्या घरांची दारं रात्री-अपरात्री ठोठावली गेली. हाताला लागेल ते गाठोड्यात बांधायचं आणि निघायचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळ्यांना मालगाडीत कोंबून सायबेरियाकडे धाडलं. तिथं लाकूडतोड आणि उपासमार. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा कुठं यांची सुटका झाली. मग रखडत दक्षिणेकडे, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला. किनाऱ्याला लागल्यावरही टायफस आणि हगवणीनं माणसं जातच राहिली. काहींना तर उपाशी पोटी एकदम पोटभर मिळालेलं अन्नच बाधलं. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत पोलिश कबरींच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांतल्या कित्येक मुलांच्या.

वळिवड्याला पोचली ती यातून उरलेली पोरं. माझ्या मते स्मारक त्या न पोचलेल्यांचंही आहे, आणि आधी त्यांचं.

युद्ध संपलं तरी यांना घर मिळालं नाही. गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. बरेचसे इंग्लंडला गेले, बाकीचे मिळेल त्या देशात. छावणी रिकामी झाली आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं तिथं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ना, तेच.

त्या पोरांपैकी अनेकांची मूळ गावं आज पश्चिम युक्रेनमध्ये आहेत. २०२२ पासून युक्रेनची पोरं पिशव्या घेऊन सीमा ओलांडतायत, आणि आता आसरा देणाऱ्यांत पोलंड पुढं आहे. लढाई थांबावी आणि या खेपेच्या पोरांना तरी आपापल्या गावी परतता यावं, एवढंच मागणं आहे.

कोल्हापूरला आलात तर महावीर उद्यानातला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ दाखवायला मी कधीही तयार आहे. फक्त तेहरानपर्यंतचं सगळं ऐकून घ्यावं लागेल, मिसळ त्यानंतर.