सिरियल नंबरमधला एक आकडा

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. नागपूरहून लाइन मेंटेनन्सचे इंजिनिअर बोलत होते. "मॅडम, ए-३२० एओजी आहे. स्टार्टर गेलाय." स्टार्टर म्हणजे इंजिन सुरू करणारा पार्ट, आणि एओजी म्हणजे विमान जमिनीला खिळलेलं. सकाळच्या उड्डाणाचे प्रवासी झोपेत असतात, पण आमच्या विमानाचे पार्ट विकायच्या धंद्यात त्या क्षणापासून सगळे जागे. सिंगापूर, दुबई, लंडन, जिथे ऑफिस उघडं असेल तिथे पार्ट नंबर पाठवत सुटायचं.

साडेतीनला दुबईच्या एका डीलरकडे स्टार्टर सापडला. भाव बरा होता आणि पहिल्या विमानाने मुंबईला पाठवायची त्याची तयारी होती. सहार कार्गोतल्या आमच्या क्लिअरिंग एजंटला मी झोपेतून उठवूनही ठेवलं. मग मेलवर फॉर्म वन आला, म्हणजे पार्ट विमानाला लावण्याजोगा आहे असं दुरुस्ती करणाऱ्या शॉपने सही करून दिलेलं प्रमाणपत्र.

फॉर्म हातात आला की मी आधी बारावा रकाना वाचते. कुठलं काम झालं, कोणत्या मॅन्युअलप्रमाणे झालं, ते तिथे लिहिलेलं असतं. तो नीट होता. पण दहाव्या रकान्यातला सिरियल नंबर आणि फोटोत स्टार्टरवर दिसणाऱ्या डेटा प्लेटवरचा नंबर जुळेनात. शेवटचा एकच आकडा वेगळा. डीलर म्हणाला, "टायपिंगची चूक आहे, दुपारपर्यंत नवीन फॉर्म देतो."

मी नाही म्हटलं. नागपूरला खरं कारण सांगितलं. त्यांनी दुसरीकडून माल घेतला आणि आमची ऑर्डर हातची गेली. तिमाही संपायला नऊ दिवस उरलेत, आमच्या वेस्ट विभागाचं विक्रीचं टार्गेट अजून दूर आहे. सकाळच्या कॉलवर साहेबांनी विचारलं, "एका आकड्यासाठी?" होय, एका आकड्यासाठी. तो आकडा जुळत नाही तोवर ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, झालेला स्टार्टर कोणता आणि माझ्यासमोर ठेवलेला कोणता, हे मला कोणीही सांगू शकत नाही.

२०२३ साली लंडनच्या एओजी टेक्निक्स या पार्ट विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. प्रवासी विमानांच्या सीएफएम५६ इंजिनांचे पार्ट खोट्या कागदांवर विकले गेले होते, आणि जगभरच्या कंपन्यांना इंजिनं उघडून ते शोधावे लागले. त्याआधी १९८९ मध्ये ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनेअर कंपनीचं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं. ५५ माणसं गेली. तपासात शेपटाच्या जोडणीत बनावट बोल्ट निघाले. सेल्सच्या नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगते, टार्गेटची गोष्ट नंतर.

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते. दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्सला ते तारेने पुठ्ठ्याचा टॅग बांधायचे. त्यावर गाडी नंबर, तारीख आणि स्वतःची सही. लहानपणी मला वाटायचं, हे काम कारकुनाचं, बाबांना का करायला लावतात? संध्याकाळी फोनवर त्यांना आजचं सांगितलं. ते म्हणाले, "टॅग नसलेला गिअरबॉक्स मी कधी गाडीला चढवला नाही. डेपो मॅनेजर ओरडायचा. ओरडू दे." मग पाऊस किती आहे ते विचारून फोन ठेवला.

दिवसभराची बाकी कामं नेहमीचीच. १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या पार्टच्या आयातीला सरसकट ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आहे. पूर्वी एचएस कोडप्रमाणे, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या नंबराप्रमाणे, दर बदलायचा आणि एका व्हॉल्व्हवरून कस्टममध्ये तास जायचे. त्या मानाने आजची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, पटकन सुटली. एका गिऱ्हाइकाकडून एक्स्चेंजचा, म्हणजे दुरुस्त पार्टच्या बदल्यात द्यायचा, जुना पार्ट अजून परत आलेला नाही, त्याला तिसऱ्यांदा आठवण केली. सीलंटच्या एका खोक्याची शेल्फ लाइफ दोन महिनेच उरलीय. ते विकायचं तर गिऱ्हाइकाला तारीख आधी सांगून.

रात्री नऊ वाजता दुबईचा मेल आला. नवीन फॉर्म, सिरियल नंबर आता बरोबर. पण फॉर्मचा ट्रॅकिंग नंबर तोच, सही तीच, तारीखही गेल्या वर्षीचीच. ज्या शॉपने फॉर्म दिला त्यांनी दुरुस्ती केली असती तर नवा नंबर आणि नवी तारीख आली असती. मेल पाहताना पोटात खड्डा पडला. पहाटे मी त्याला चूकच समजत होते.

दोन्ही फॉर्म आमच्या क्वालिटी विभागाला पाठवलेत, नागपूरलाही कळवलंय. शॉप युरोपात आहे, आपल्या साडेबाराला त्यांचं ऑफिस उघडतं. उद्या पहिला फोन तिथे. तो स्टार्टर अजून दुबईतच आहे, आणि त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळायच्या आत मला त्यांच्याशी बोलायचंय.