बाकं ठोकलेली, पोर्शन मोठा

कार्यशाळेत चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच. "मॅडम, तुमचं ॲक्टिव्ह लर्निंग, म्हणजे मुलांना बोलतं-करतं करून शिकवणं, ठीक आहे, पण आमच्याकडे वर्गात 120 मुलं, बाकं फरशीला ठोकलेली, तास 48 मिनिटांचा. पोर्शन कधी संपवायचा?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

माझी पहिली खेप सपशेल फसली होती. "गट करा, न्यूटनच्या नियमांवर चर्चा करा," एवढं सांगून मी मोकळी झाले. पुढच्या बाकावरच्या तिघी बोलल्या, मागे मोबाइल निघाले, आणि शेजारच्या वर्गातून आवाज कमी करण्याचा निरोप आला. मुलांचं काय चुकलं? चर्चा करावी असं मी त्यांना काही दिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी उपक्रम शोधत नाही, चुकीचं उत्तर शोधते. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरण किती? फळ्यावर तीन पर्याय: शून्य, खालच्या दिशेने 9.8, वरच्या दिशेने 9.8. जितवा पर्याय तितकी बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त वर्ग 'शून्य' म्हणतो. इथे मास्तरांनी गप्प बसायचं, आणि ते फार जड जातं. "ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवा, दोन मिनिटं." बाक हलवावं लागत नाही, मागे वळलं की झालं. "अरे, शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकला असता ना!" हे वर्गातूनच येतं. मग पुन्हा बोटं.

ही पद्धत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची, 1991 पासूनची. त्यांचा ठोकताळाही उपयोगी आहे: बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्के असतील तरच मुलांना बोलू द्यावं. त्याहून कमी असतील तर आपणच पुन्हा शिकवावं, जास्त असतील तर पुढे जावं.

"हे विज्ञानात जमतं हो," असं म्हणणाऱ्या अर्थशास्त्राच्या सरांना मी कांदा दिला. भाव चढला म्हणून लोक कांदा कमी घेतात; हा मागणीचा संकोच (भावामुळे झालेली घट) की ऱ्हास (भाव सोडून इतर कारणाने झालेली घट)? आणि भाव तोच, पण चातुर्मास लागला म्हणून घेत नाहीत, तर? व्याख्या पाठ असलेली मुलंही इथे अडखळतात.

इतिहासाच्या मॅडमनी 1875 चे दख्खनचे दंगे, म्हणजे शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव, घेतले. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात धान्याची दुकानं लुटली गेलीच, पण सावकारांच्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे का जाळले? एका गटाला अमेरिकन यादवीनंतर कोसळलेल्या कापसाच्या भावाचा उतारा, दुसऱ्याला वाढलेल्या शेतसाऱ्याचा, तिसऱ्याला सावकारी रोख्यांचा. मग प्रत्येक गटातला एकेक घेऊन नवे गट. पहिल्या दिवशी साऱ्याचा उतारा वाचलेली दोन मुलं एनएसएसच्या शिबिराला गेली आणि सगळं कोलमडलं. आता प्रत्येक उतारा गटागणिक दोघांकडे असतो.

पोर्शनचं म्हणाल तर मी काही सिद्धता फळ्यावर सोडवतच नाही. त्या पुस्तकात छापलेल्या आहेत. त्यातली एक ओळ मुद्दाम चुकवून देते आणि शोधायला सांगते; दहा मिनिटांत होतं. त्यावर फीडबॅकमध्ये हमखास येतं, "मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात." पूर्वी मी नाराज व्हायचे. मग 2019 मधला हार्वर्डमधलाच एक अभ्यास वाचला: अशा तासाला मुलं शिकली जास्त, पण त्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. प्राचार्यांना तो दाखवून ठेवलाय, असू दे.

उत्तरपत्रिका तपासताना चुकीची उत्तरं टिपायला एक शंभर पानी वही केली आहे. यंदाची पहिली नोंद: 'चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही.' सोमवारी हाच प्रश्न घेणार आहे. तीन पर्याय झालेत, चौथा अजून सुचलेला नाही.