मचं : वाटा न मागणारे नाते

श्रीलंकेतील तरुण एकमेकांना ‘मचं’ म्हणून हाक मारतात. चहाच्या दुकानात, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर हा शब्द इतक्या सहजपणे कानी पडतो की परक्या माणसाने त्याचा अर्थ ‘मित्रा’ एवढाच घ्यावा. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जे लोक जहाजांवर किंवा आखाती देशांत श्रीलंकेच्या माणसांबरोबर राहून आले आहेत, तेही त्याचा हाच अर्थ सांगतात. तो अर्थ बरोबरच आहे. परंतु त्याच्या मुळाशी जे नाते आहे, ते कोकणातील माणसाला विशेष जवळून समजू शकेल, असे मला मनापासून वाटते.

‘मचं’चे मूळ तमिळमधील ‘मच्चान’ या शब्दात आहे. मच्चान म्हणजे मामेभाऊ किंवा आतेभाऊ, आणि मेव्हणाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल जिथे रूढ होती, तिथे ही नाती एकाच शब्दात सामावली, यात नवल नाही. सिंहली ही मराठीप्रमाणेच इंडो-आर्यन कुळातील भाषा असली, तरी तिच्यातील नात्यांची मांडणी दक्षिणेकडची आहे. वडिलांचा थोरला भाऊ ‘महप्पा’ आणि धाकटा ‘बाप्पा’, म्हणजे दोघेही एका अर्थी बापच, आणि म्हणून त्यांची मुले ही आपली भावंडे. मामाचा किंवा आत्याचा मुलगा मात्र वेगळा; तो ‘मस्सिना’. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. भावाला हाक मारायची तर तो थोरला असल्यास ‘अय्या’ आणि धाकटा असल्यास ‘मल्ली’ म्हणावे लागते, म्हणजे तोंड उघडताच मान कोणी द्यायचा हे ठरून जाते. मस्सिनाच्या बाबतीत वयाची ही उतरंड नाही. बरोबरीच्या मित्रासाठी लोकांनी भावाचे नव्हे तर मेव्हण्याचे नाव का उचलले, याचे उत्तर मला इथे सापडते.

दुसरे कारण जमिनीत आहे. एडमंड लीच या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातील पुल एलिया या गावात राहून अभ्यास केला. वारशामुळे भावाभावांत अंतर आणि ताण राहतो, तर मेव्हणे-मेव्हणे मोकळेपणाने थट्टा करतात आणि एकमेकांच्या कामाला धावतात, असे त्याला तिथे दिसले. हे वाचताना कोकणातील कोणाच्या डोळ्यांसमोर आपली वाडी उभी राहणार नाही? सातबाऱ्यावर वाढत गेलेली नावे, सामाईक विहीर, बांधावरच्या माडाचे नारळ कोणी उतरवायचे यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला अबोला, आणि या सगळ्याला आपण दिलेले ‘भाऊबंदकी’ हे नाव. मामेभाऊ-आतेभावांच्या वाट्याला हे सहसा येत नसे, कारण त्यांना एकमेकांच्या घरात वाटा नव्हता. आजोळी तर मुलाचे लाडच होत. (महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला, ही न्याय्य गोष्ट झाली, मी बोलतो आहे ते त्याआधीच्या रूढीविषयी.)

मग आपल्याकडे ‘साला’ ही शिवी कशी झाली? मुलीकडची बाजू खालची मानण्याची उत्तरेकडील समजूत त्या शिवीमागे आहे: तुझी बहीण माझ्या घरात, म्हणून तू माझ्यापेक्षा हलका. जिथे दोन घरांत मुलींची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते, तिथे असा उणेपणा टिकत नाही; आज ज्याने मुलगी दिली, तो उद्या घेणाराही असतो. महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवर असल्यामुळे इथल्या नातेव्यवस्थेत दोन्हींचे मिश्रण आहे, हे इरावती कर्वे यांनी दाखवून दिले आहे. म्हणूनच आपल्याकडे ‘साला’ही आहे, साटेलोटेही आहे, आणि अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानण्याची रीतही होती.

या शब्दाविषयी मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. १९५६ मध्ये श्रीलंकेत केवळ सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला, १९८३ ते २००९ या काळात तो देश युद्धात होरपळला, आणि तरीही सिंहली तरुण आपल्या जिवलगाला तमिळमधून आलेल्या नात्यानेच हाक मारीत राहिला. वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना किंवा भिक्खूंना कोणी ‘मचं’ म्हणत नाही. तो शब्द मुख्यतः पुरुषांचा. अलीकडे मैत्रिणीही तो आपापसांत वापरतात.

आपल्याकडील सुना सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत, त्या हाकांतही हीच जुनी सोयरीक जपलेली होती. आता ‘आई’ आणि ‘बाबा’ सर्वत्र रूढ झाले आहे. गावातील वृद्ध स्त्रियांकडून अशा हाका, कोण कोणाला काय म्हणत असे यासह, उतरवून घेण्याचे काम मी हाती घेतले आहे; मालवणी, संगमेश्वरी किंवा कोकणी मुसलमानांच्या बोलीतील असे शब्द ज्यांच्या घरात अजून बोलले जातात, त्यांनी ते मला अवश्य कळवावेत.