दहीभात

"वहिनी, एवढं करून देवानं दिलं काय? मग सोमवार कशाला धरून बसलाय?" हे गेल्यापासून तीन वर्षं हा प्रश्न मला जिन्यात, भाजीच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीतही विचारून झालाय. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

ह्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा धाकटी दहावीत होती. आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास. दिवसाचं पाणी मोजून. ज्या सोलापुरात नळ चार-पाच दिवसांआड यायचा, तिथं पाणी मोजायची सवय असतेच, पण ते घोट मोजणं वेगळं. एप्रिलच्या उन्हात हे बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायचे. मी किडनी द्यायला तयार होते. तपासणीत माझीच शुगर निघाली आणि डॉक्टर नाही म्हणाले. त्या दिवशी तडक सिद्धेश्वराला गेले, तळ्याच्या काठाशी थांबले आणि देवळात न जाताच घरी आले. पुढचे सात महिने देवघरातला दिवा सासूबाईंनीच लावला.

डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडतात. फिस्टुला म्हणतात त्याला. वर बोटं ठेवली की आत बारीक थरथर लागते, मांडीवर मांजर गुरगुरावं तशी. थरथर बंद म्हणजे आत गुठळी, म्हणून रोज बघायला सांगितलेलं. रात्री ते काम माझं. एका रात्री माझ्या ध्यानात आलं, बोटं हातावर आहेत आणि मी पुटपुटतेय, "राहू दे रे, उद्यापर्यंत राहू दे." हे तर घोरत होते. मग मी बोलत कोणाशी होते? सात महिने ज्याच्याशी अबोला धरला होता त्याच्याशीच की!

सासूबाईंनी उपदेश कधी केला नाही. त्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करायला सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघाले, तेव्हा पांढरी बाराबंदी घातलेली माणसं बघत बघत त्यांनी सिद्धरामांची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची, गोष्ट काढली. बाराव्या शतकातली, सोलापूर तेव्हा सोन्नलगी. पोरगा रानात गुरं राखत होता. मल्लय्या, म्हणजे शंकर, जंगमाच्या, लिंगायत साधूच्या, वेषात आला, हुरडा खाल्ला आणि म्हणाला, दहीभात आण. पोरगा घरी पळाला, दहीभात घेऊन आला, तर शेतात कोणी नाही. हाका मारत मारत तो थेट श्रीशैलाला पोचला. लोकांनी लिंग दाखवलं, हाच तुझा मल्लय्या. पोरगा म्हणाला, हा माझा नव्हे. शेवटी कड्यावरून उडी टाकणार तेवढ्यात देवानं धरला.

लोकांना तो कडा आवडतो. माझं मन त्या रिकाम्या शेतातच अडतं. ज्यानं मागितलं तोच नाही, आणि हातातला भात गार होतोय. शिवाय कोणीतरी समजुतीला दाखवलेला देव त्यानं घेतला नाही, हेही मला फार आवडतं. "देवाची इच्छा" म्हणून माझीही समजूत खूप जणांनी घातली. मी ती घेतली नाही. भांडायला मात्र दर सोमवारी जाऊ लागले.

किडनी मिळाली नाही. पाचव्या वर्षी, श्रावणातल्या एका पहाटे, बोटांना काहीच लागलं नाही.

तेरावं झाल्यावरच्या सोमवारी गेले, त्याच्यासमोर बसले, एक शब्द बोलले नाही. पुढच्या सोमवारी विचारलं, माझी शुगर तेव्हाच का काढलीस? अजून विचारते. उत्तर नाही. कधी धाकटीच्या नोकरीचं सांगते, कधी नुसतीच पायरीवर बसून तळ्याकडं बघते. डब्यात दहीभात असतो. नैवेद्य दाखवायचा, डबा परत घरी आणायचा. दुपारी आम्ही दोघी तोच खातो. धाकटी म्हणते, आई, फोडणीत मिरची जास्त पडली.