भावाची तडीपारी आणि आमचं अपील

गणपतीच्या तोंडावर धाकट्या भावाला नोटीस आली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५६ खाली तुम्हाला तडीपार का करू नये, याचा खुलासा द्या. तडीपार म्हटलं की लोकांना कुणीतरी मोठा भाई आठवतो. आमच्याकडे मारामारीच्या तीन केसेस, त्यातल्या एकीत निर्दोष सुटलेला.

नोटिशीत गुन्ह्यांच्या यादीखाली साक्षीदार ‘अ’ आणि ‘ब’ यांचे गोपनीय जबाब होते. नाव नाही, तारीख नाही. ‘चाकू दाखवून पैसे काढून घेतले, भीतीपोटी तक्रार दिली नाही.’ वकील म्हणाले, हे वाक्य दर नोटिशीत असतं. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत असं अधिकाऱ्याचं मत व्हावं लागतं, ही कलमातलीच अट आहे. आणि आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप कळवलं की कायद्याचं भागतं. मग खुलासा तरी कशाचा करायचा?

तरी केला. प्रांतांचा, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा, आदेश आलाच: तीन जिल्ह्यांतून दोन वर्षं. कायद्यातली कमाल मुदत.

त्याच संध्याकाळी जीपने नेऊन त्याला हद्दीबाहेरच्या एसटी स्टँडवर सोडलं. तो मावशीकडे राहिला. कोर्टाच्या तारखेला यायची मुभा होती, पण पोलीस ठाण्याला कळवून, आणि तारीख झाली की लगेच माघारी. घरी जेवायला थांबला तरी तडीपारी मोडल्याचं कलम १४२ लागणार. त्यामुळे आई डबा घेऊन कोर्टाच्या आवारातच यायची, आणि तो वकिलांच्या बाकड्यावर बसून भराभर जेवायचा.

अपिलाला तीस दिवस असतात. प्रांतांचा आदेश म्हणून आम्ही विभागीय आयुक्तांकडे गेलो. वकिलांनी चाकूबिकू बाजूलाच ठेवला आणि दोन मुद्दे धरले. सगळे गुन्हे एकाच ठाण्याच्या हद्दीतले, तर शेजारचे दोन जिल्हे कशासाठी? आणि पूर्ण दोन वर्षं का, यावर आदेशात एक ओळही नाही. सुप्रीम कोर्टाने जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये हेच बजावलंय: तडीपारी हा असाधारण उपाय आहे, कमाल मुदत लावायची तर ती का लावली ते आदेशात दिसलं पाहिजे. त्या निकालाची प्रत अपिलाला जोडली होती.

आदेश रद्द झाला. तोवर त्याची दिवाळी मावशीकडेच झाली होती, गॅरेजमधली नोकरीही गेली होती. उरलेल्या दोन केसेस अजून चालू आहेत; पुढची तारीख फेब्रुवारीत.