लिरच्या मुलांचा उःशाप

सोमवार, रात्री

'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्यांना आयर्लंडमधली लिरच्या मुलांची कथा सांगायची, तर एक नातं आधी नीट लावून द्यावं लागतं. ईफा ही मुलांची सावत्र आई खरी, पण त्याआधी ती त्यांची सख्खी मावशी. मुलांच्या पुस्तकांत ती नुसती 'दुष्ट सावत्र आई' होऊन येते आणि कथेचा निम्मा जीव तिथेच जातो.

हे नातं जुळतं ते राजकारणातून. तूअहा डे डानन, म्हणजे आयर्लंडचे जुने देवमानव, टाल्टिनच्या लढाईत हरले आणि त्यांनी बोव डर्गला राजा केलं. त्यांच्यातल्याच लिरला ते पद हवं होतं, तो रुसून घरी बसला. पुढे त्याची बायको वारली, तेव्हा समेट म्हणून बोवनं आपल्याकडे वाढलेल्या तीन बहिणी त्याच्यापुढे केल्या : ईव, ईफा, आल्वा. लिरनं थोरली ईव निवडली. पहिलं बाळंतपण जुळ्यांचं, फिन्नूला आणि एय. दुसरंही जुळ्यांचं, फीअख्रा आणि कॉन, आणि त्यातच ती गेली. मग बोवनं ईफा दिली. (थोरल्या भावाच्या नावाचा आयरिश उच्चार नुसता 'ए' असा होतो. मराठीत ती हाक वाटते, म्हणून 'एय' लिहिणं बरं.)

ईफानं सुरुवातीला मुलांना जीव लावला, हे गाळू नये. नवऱ्याचं आणि बोवचं सगळं लक्ष त्या चौघांवर, हे तिला पुढे सलू लागलं. वर्षभर आजारपणाचं सोंग घेऊन ती पडून राहिली. मग आजोळी नेते म्हणून मुलांना रथात घालून निघाली. वाटेत नोकरांना म्हणाली, मारा यांना. ते तयार होईनात. तिनं स्वतः तलवार उपसली, पण हात चालेना. तेव्हा कुठे सरोवर, आंघोळ आणि जादूची कांडी. ही आधीची माघार सांगितली नाही तर कांडी स्वस्त वाटते. मारणं जमलं नाही म्हणून तिनं शाप देऊन चौघांना हंस केलं.

मंगळवार

उःशाप हा शब्द आपल्याकडे तयार आहे, ही मराठीत सांगणाऱ्याची केवढी सोय! फिन्नूला हंसाच्या रूपातही विचारते, याला मुदत किती? ईफा सांगते : 300 वर्षं डेरावारा सरोवरावर, 300 आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या मॉइलच्या सामुद्रधुनीत, 300 पश्चिमेला मेयोच्या किनाऱ्यावर, एरिस आणि इनिशग्लोरा बेटापाशी. आणि दक्षिणेची स्त्री व उत्तरेचा पुरुष यांचं लग्न होईपर्यंत सुटका नाही. मग तिलाच थोडा पस्तावा होतो. माणसाची बुद्धी, आयरिश भाषा आणि ऐकणाऱ्याला झोप लागेल असं गाणं, एवढं ती त्यांच्यापाशी राहू देते.

सगळे याला दया म्हणतात. मला ती शिक्षेची धार वाटते. बुद्धी गेली असती तर ते हंस झाले असते आणि सुटले असते. बुद्धी राहिली म्हणून 900 वर्षं मोजावी लागली.

बोवला हे कळल्यावर तो ईफाला विचारतो, तुला सगळ्यात किळस कोणत्या रूपाची? ती सांगते, हवेतल्या पिशाच्चाची. तो तिला तेच करतो. इथे थांबू नये, दोन वाक्यांत पुढे जावं.

चित्रांबद्दलही एक. बहुतेक पुस्तकांत नारिंगी चोचीचा, चोचीच्या मुळाशी काळा फुगवटा असलेला हंस असतो. त्याचा आवाज अगदी बेताचा. गाणं शोभतं ते पिवळ्या-काळ्या चोचीच्या हूपर हंसाला. तो हिवाळ्यात आइसलँडहून येतो आणि तुतारीसारखा ओरडतो. आपल्याकडचा 'राजहंस' बहुतेकांनी कॅलेंडरवरच पाहिलेला, म्हणून चित्र निवडताना चोच बघावी.

गुरुवार

अर्ध्या तासात सांगायची असेल तर वेळ अशी वाटावी : कांडीपर्यंत दहा मिनिटं, सरोवराला दोन, मॉइलला दहा, बाकी सगळं आठ मिनिटांत. तिन्ही 300 सारखे ताणले की ऐकणारे कंटाळतात. सरोवरावर दुःख पातळच आहे. बाप येतो, बोव येतो, शत्रूचे लोकसुद्धा गाणं ऐकायला काठावर तळ ठोकतात.

मॉइल मात्र सावकाश. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 20 किलोमीटर, पण तिथला प्रवाह भयंकर. वादळ येणार हे ओळखून फिन्नूला भेटीची जागा ठरवते, कॅरिग ना रोन, म्हणजे सीलांचा खडक. पहाटे ती एकटीच तिथे. कॉन येतो, डोकं लोंबलेलं, पिसं भिजलेली. फीअख्रा येतो, गारठून वाचा बसलेली. शेवटी एय, कोरड्या डोक्यानं, नीटनेटक्या पिसांनी. तो कसा काय कोरडा राहिला, कथा सांगत नाही. आपणही कारण जोडू नये. फिन्नूला दोघांना दोन पंखांखाली घेते, एयला छातीच्या पिसांखाली.

पुढे जानेवारीतल्या एका रात्री पाणी गोठतं. पाय आणि पंख खडकाला चिकटतात. सुटताना पायांची कातडी आणि छातीची पिसं खडकावरच राहतात, आणि वर खारं पाणी. मूळ रचना आख्यानासारखी आहे, गद्य सांगत जायचं आणि मन भरून आलं की पद. त्यामुळे इथे आवाज चढवू नये, पदाला जागा ठेवावी.

शुक्रवार

घंटेनं शाप सुटतो असं सर्रास सांगतात. तसं नाही. संत मोखीव्होग इनिशग्लोराला येतो, त्याच्या घंटेला भाऊ आधी घाबरतात. तो त्यांना जवळ करतो, चांदीच्या साखळीनं दोन-दोन हंस जोडतो. इतक्यात दक्षिणेकडच्या मन्स्टरची राजकन्या जोख तिच्या उत्तरेकडच्या कनॉटच्या राजा लर्गननशी लग्न करते, ते हंस हवेत म्हणून हट्ट धरते आणि नवरा ते ओढून न्यायला येतो. त्याचा हात लागताच पिसं गळतात. खाली तीन वाळलेले म्हातारे, एक हाडांचा सापळा झालेली म्हातारी. दक्षिण आणि उत्तर जुळली, उःशाप अक्षरशः खरा झाला. आपल्या पुराणांत उःशाप फळला की मूळ देह परत मिळतो. अहल्या पुन्हा अहल्या होते. इथे 900 वर्षांचं वय एकदम अंगावर येतं.

डब्लिनच्या स्मृती उद्यानात ओशीन केली यांचं 1971 चं शिल्प आहे. मुलं खाली कोसळताहेत, हंस वर उठताहेत. ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावाच्या पन्नाशीला, 1966 मध्ये, ते उद्यान खुलं झालं. देशाच्या पुनर्जन्मासाठी कथेतला गुन्ह्याचा क्षणच निवडला, हे धाडस मोठं आहे. शेवटची चार म्हातारी माणसं तिथे कुणी बसवली नसती.

त्यांचा बाप्तिस्मा होतो, ते मरतात. कसं पुरायचं ते फिन्नूला आधीच सांगते : एकाच थडग्यात, कॉन आणि फीअख्रा तिच्या दोन बाजूंना, एय समोर, तिच्या दोन हातांमध्ये. ऐकणाऱ्याला खडकावरची ती रात्र इथे आपोआप आठवली पाहिजे. म्हणून मॉइल सांगताना कोण पंखाखाली आणि कोण छातीशी, हे घाईत चुकवायचं नाही. तिथे चुकलं तर शेवटी नुसती चार नावं उरतात.